एक दाब, एक टक

९ जानेवारी

चि. ठिणगी,

आमचा पेशंट शेवटचे श्वास घेतोय. पेशंट म्हणजे मी नव्हे, घाबरू नकोस. आपल्या लाकूड कोरायच्या मशीनचा कंट्रोलर, तो करडा डबा, जो कॉम्प्युटरचं म्हणणं तिन्ही मोटरींना समजावून सांगतो. जरा तापला की आडवी मोटर मध्येच थबकते. वरून एक थापट मारली की मुकाट चालू लागते. उभी हयात मी लोकांच्या दातांत ड्रिल घातलं, पण थापट खाऊन बरा होणारा पेशंट हा पहिलाच.

मामी म्हणते, भाचीला फोन कर. पण आपला नियम ठरलेला आहे, मशीनचं बोलणं पत्रातच. फोनवर सांगितलेलं स्क्रू आवळताना आठवत नाही.

तर काम असं, की अगदी हाच कंट्रोलर मला शोधून दे. दोन मिळाले तर दोन घे. नवीन काही नको. याची पाच बटणं माझ्या बोटांना पाठ आहेत.

घाई एवढ्यासाठी, की तुझ्या नव्या घराच्या दाराची पाटी करायला घेतली आहे. स्वतःच्या कमाईवर घर घेणारी आपल्याकडची तू पहिली मुलगी. त्या दारावर प्लॅस्टिकची पाटी दिसली तर मी उंबऱ्यावरून परत फिरेन. अक्षरं खोदलेली नाहीत, उठावाची करतोय. म्हणजे आजूबाजूचं लाकूड काढायचं आणि अक्षर वर ठेवायचं.

उत्तर जाड काळ्या पेनाने आणि मोठ्या अक्षरात लिही. तुझं मुंगीछाप अक्षर मामीला लागत नाही.

तुझा दातवाला मामा


१७ जानेवारी

प्रिय मामा,

मामीला सांग, हे पेन खास तिच्यासाठी आणलंय. पण मोठ्या अक्षराची साथ तुलाही लागलेली दिसते! एका पानावर जेमतेम आठ ओळी, आणि त्याही उतरणीला लागलेल्या. कागद स्वस्त झाला का तिकडे?

आता तुझ्या पेशंटचं. तो डबा बनवणारा कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक हुशार गृहस्थ, एवढंच होतं. त्यांना मी शोधून काढलं. ते थकले, दुकान आवरून लेकीकडे राहायला गेले. अगदी आपुलकीने बोलले, पण म्हणाले, 'बाई, त्यातले सुटे भागच आता येत नाहीत, आणि आत काय लिहिलंय ते मलाही नीट आठवत नाही.'

म्हणजे उरले तीन रस्ते. एक, कुणाच्या तरी माळ्यावर पडलेला असाच जुना डबा आणायचा. तोही याच वयाचा असणार, म्हणजे हलणारा दात उपटून तिथे दुसऱ्याचा हलणारा दात बसवायचा. दुसरा, एखाद्या बड्या कंपनीचा नवा बंद डबा. आज मिळेल, काही वर्षांनी पुन्हा हीच रड. तिसरा, ज्याचा नकाशा सगळ्यांना खुला आहे असं कार्ड घ्यायचं. त्याची जोडणी आणि आतला प्रोग्राम कुणालाही बघता येतो, म्हणून ते चार ठिकाणी चार जण बनवतात. एकाने दुकान बंद केलं तरी दुसरा असतो. कपडे धुवायच्या मशीनची कार्डं बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी करते मी, हे दुखणं रोज बघते. मशीन धडधाकट असतं आणि एका कार्डापायी भंगारात जातं. माझं ऐक, तिसरा रस्ता धर.

आणि उठावाची अक्षरं कशाला? धूळ बसेल त्यांच्यात. खोदलेलीच कर. आमच्या मजल्यावर सहा दारं आहेत, सगळी एका रंगाची. लांबून वाचता आली म्हणजे झालं.

तुझीच ठिणगी


२६ जानेवारी

चि. ठिणगी,

धूळ बसली तर पुसत जा. अक्षरं उठावाचीच होणार.

दाताच्या कण्या करून सांगतोय, जुना मिळतो का बघ. पुढच्या वीस वर्षांची हमी तुमच्या कारखान्याला लागते, मला काय करायची आहे? माझ्यापुरता टिकला की झालं. हे नवं कार्ड म्हणजे कानामागून येऊन तिखट होणार. या वयात त्याच्याशी नव्याने संसार थाटायचा माझ्यात उत्साह नाही.

पण तू म्हणतेस तर पाठव. लहानपणी तुझ्या हातात सोल्डरिंगची कांडी दिली आणि पहिल्याच दिवशी तू घरभराचे दिवे घालवलेस. तेव्हापासून तुझं नाव ठिणगी पडलं आणि तेव्हापासूनच माझा तुझ्यावर भरवसा बसला. खरं तर उलटं व्हायला हवं होतं.

मामा


८ फेब्रुवारी

प्रिय मामा,

सोबत कार्ड पाठवतेय. कुठली वायर कुठे जाते ते रंगाने दाखवलंय. बटणांची कटकट संपली! मोबाईलच्या पडद्यावर पाच चौकोन दिसतील, बोट लावलं की काम होतं.

आणि एक भेट खास मामीसाठी. आठवतं ना, तुझं मशीन कण्हायला लागलं की ती दार लावून घ्यायची? या कार्डात मोटरी गुपचूप चालवायची सोय आहे, ती मी चालू करूनच पाठवलीय. आता आवाज म्हणून नाही. मी इथे चालवून बघितलं, चालतंय की नाही हे कळायला डोळ्यांनी बघावं लागतं!

पाटीची वाट बघतेय. दारावर दोन खिळे ठोकून ठेवलेत.

ठिणगी


२७ फेब्रुवारी

चि. ठिणगी,

अक्षर मामीचं आहे, कारण माझ्या बोटाला कागदाने कापलंय. कार्ड पोचलं. तू लिहिलंस तसंच जोडलं. उत्तम आहे. आवाज खरोखरच नाही. पाटीला मात्र वेळ लागेल, लाकडात गाठ निघाली. काळजी नसावी.

मामा


२८ फेब्रुवारी

लाडके,

कालचं पत्र त्याने सांगितलं तसं मी उतरवून घेतलं. हे माझं आहे, आणि हे टाकायला मी भाजी आणायच्या निमित्ताने बाहेर पडणार आहे.

लाकडात गाठ नव्हती. आणि कागदाने कापलं तर टाके घालावे लागत नाहीत.

त्याला मधलं दिसत नाही ग. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गेल्या वर्षीच सांगितलं होतं, कडेचं राहील, मधलं परत येणार नाही. माझ्याकडे बघितलं की त्याला माझे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. 'तुझा राग दिसत नाही, तेवढीच माझी सोय,' म्हणतो. मोठं अक्षर माझ्यासाठी नव्हतं, त्याच्यासाठी होतं. आता तेही लागत नाही. तुझी पत्रं मी वाचून दाखवते. कागद स्वस्त झाला का, तेसुद्धा मीच वाचलं. तो हसला, पण जरा उशिराने.

मशीन तो कानांनी चालवत होता. दवाखान्यातही त्याचं तसंच होतं, ड्रिल कुठवर पोचलं ते आवाजावरून ओळखायचा. कोरायच्या आधी हत्यार लाकडाला टेकवून घ्यावं लागतं. तेव्हा तो खाली कागदाचा कपटा बोटाने दाबून धरतो आणि बटण दाबत हत्यार केसाकेसाने खाली आणतो. एक दाब, एक टक. त्या टकेवर त्याचा सगळा हिशोब. तुझ्या कार्डाने टक केलंच नाही. चौकोनावर बोट नीट लागलं नसेल असं वाटून तो दाबत राहिला. हत्याराचं टोक बोटातून पाटीत गेलं आणि मोडलं. फिरत नव्हतं म्हणून बोट वाचलं.

तुझ्यावर तो रागावलेला नाही. 'आपलेच दात, आपलेच ओठ,' एवढंच म्हणाला. पण तेव्हापासून त्या खोलीत गेलेला नाही. सकाळी दाढी करून, स्वच्छ सदरा घालून बसतो, आणि मग त्याला जायला कुठली जागा नसते.

तुला कळवू नकोस म्हणून त्याने बजावलं होतं. तू आणि तुझी आई, दोघी मिळून मशीन बंद करायला लावाल असं त्याला वाटतं. 'मग मी दिवसभर काय करू?' असं मला विचारलं. तेच मी आता तुला विचारतेय.

मामी


८ मार्च

प्रिय मामा,

मला सगळं कळलंय. मामीवर चिडू नकोस.

ती शांतता मीच मोठ्या कौतुकाने पाठवली ना? तुझं बोट डोळ्यांसमोरून हलत नाही. कारखान्यात कुठली मोटर गुपचूप फिरताना दिसली की मी तिथून उठून जाते.

मशीन आता बंद. मला पाटी नको, तुझी दहा बोटं हवीत. दिसत नसताना तू त्या हत्याराजवळ उभा राहणार आणि मी इथे सुखाने झोपणार, हे व्हायचं नाही. महिनाअखेरीला येते आणि मशीन उचलून इकडे आणते. तू माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल.

ठिणगी


१६ मार्च

लाडके,

तुझं पत्र आलं तेव्हा तो समोरच बसला होता. 'वाच,' म्हणाला. मी 'प्रिय मामा' एवढं वाचलं आणि पुढचं सगळं मनाने रचलं. तुझ्या भिंतींचा रंग, नळाला पाणी किती वाजता येतं, शेजारणीचं मांजर. आयुष्यभर लायब्ररीत नोकरी केली, पण समोर नसलेलं कधी वाचलं नव्हतं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'मशीनचं काहीच नाही लिहिलं?' मी म्हटलं, विचार करतेय म्हणते.

तेव्हा आता विचार कर.

दहा बोटं मलाही हवीत. टाके घालताना त्याचा दुसरा हात मी धरला होता, तू नाहीस. पण ती दहा बोटं मांडीवर ठेवून माणूस नुसता बसून राहिला, तर ती सांभाळून मी काय करू? दिसत नाही म्हणून तो खचतोय असं नाही. त्याला काही करायला नाही म्हणून तो माझ्यादेखत लहान लहान होत चाललाय. कार्डाला तीन पर्याय काढलेस ना? मग माझ्या नवऱ्याला एक तरी काढ.

आणि आवाजाचं म्हणशील तर, मला त्रास व्हायचा हे खरं आहे. आता घरात काहीच वाजत नाही, त्याचा जास्त होतो.

तुझं पत्र तांदळाच्या डब्यामागे ठेवलंय. नवीन लिही, मी वाचून दाखवेन.

मामी


५ एप्रिल

प्रिय मामा,

(मामी, हे पत्र अथपासून इतिपर्यंत वाच. काही गाळू नकोस आणि काही घालू नकोस.)

तुझ्या डोळ्यांचं मला ठाऊक आहे. मामीने सांगितलं. मशीन उचलून आणते असं मी लिहिलं होतं. ते तुझ्यापर्यंत पोचलं नाही हे बरंच झालं, ते भीतीने लिहिलेलं होतं. पण तुझ्यावर मी रागावलेय, आणि ते लक्षात ठेव. गेलं वर्षभर मी तुला 'काय बघतोस, कसं दिसतं' असं विचारत होते आणि तू मला विनोद पाठवत होतास.

डोळ्यांवर टॉवेल बांधून मी इथे एक छोटं मशीन चालवायला शिकले. पहिल्या दिवशी टेबलच कोरलं. मग एकेक गोष्ट बदलत गेले.

गुपचूपपणा काढून टाकला. कार्ड खुलं असण्याचा फायदा हाच, आतला प्रोग्राम उघडून मला हवा तसा करता आला. बंद डबा असता तर कंपनीच्या पाया पडत बसले असते. आता मोटरी पूर्वीसारख्या कण्हतील, आणि एका दाबाला एक टक वाजेल, चांगली खणखणीत.

मोबाईल बाद. सोबतच्या लाकडी पेटीवर पाच बटणं आहेत, जुन्या डब्यावर होती त्याच जागी. प्रत्येकाचा आकार वेगळा. थांबवायचं बटण तळहाताएवढं आहे, ते न दिसता न शोधता सापडतं. कागदाचा कपटा बाद. लाकडावर सोबतची पितळी चकती ठेवायची. हत्यार तिला टेकलं की घंटी वाजते आणि ते आपणहून थांबतं.

मशीनवर पारदर्शक झाकण येईल, तो सांगाडा वेगळा पाठवलाय. झाकण उघडं असेल तर हत्यार फिरणारच नाही. ही अट माझी आहे आणि तिच्यावर वाद घालायचा नाही. दंतवैद्यांना सवय असते, समोरच्याचं तोंड उघडं असतं आणि बोलता येत नाही. एकदा तूही तसा बस.

पेटीत अगदी तसंच दुसरं कार्ड ठेवलंय. तिसरं माझ्याकडे आहे. इथे ओट्यावर मावेल एवढं छोटं मशीन मी त्याच कार्डावर बांधलंय. तुझं काही बिघडलं तर माझ्या मशीनचं काढून पाठवीन. 'माझ्यापुरता टिकला की झालं' असं तू लिहिलं होतंस. नाही झालं, मामा. मला तू पुष्कळ दिवस हवा आहेस, आणि तेही काहीतरी खरवडत बसलेला.

ठिणगी


२४ एप्रिल

चि. ठिणगी,

मामीने तुझं पत्र तीनदा वाचून दाखवलं. (दोनदा. तिसऱ्यांदा त्यानेच मला म्हणून दाखवलं. मामी.)

आधी मी चिडलो. पेशंटला न विचारता दात काढणं झालं हे, असं मामीला म्हटलं. दोन दिवस पेटीला हात लावला नाही. (अर्धा दिवस.) मग जोडणी केली, वायरींचे रंग मामीने सांगितले. बटण दाबलं. टक. पुन्हा दाबलं. पुन्हा टक. मी तिथेच उभा राहिलो. (रडला. लिहू नकोस म्हणाला, म्हणून लिहितेय.)

झाकणाची अट मान्य आहे. तुझ्यासारख्या हट्टी पेशंटपुढे मी नेहमीच हरत आलोय.

पाटी सोबत पाठवतोय. अक्षरं उठावाची का, ते आता सांगायला हरकत नाही. तुझ्या मजल्यावर सहा दारं, सगळी एका रंगाची. मी येईन तेव्हा कुणाला विचारत बसायला नको. दारावर हात फिरवीन, तुझं नाव लागलं की घंटा वाजवीन. धूळ मात्र पुसत जा, नाहीतर माझं बोट काळं होईल. पहिली पाटी, ती भोकाची, मामीने ठेवून घेतली आहे. तिच्यावर चहाची किटली ठेवते.

एक तक्रार आहे, पण तुझी नाही. पूर्वी तुझं पत्र आलं की दवाखान्यात दोन पेशंटच्या मधे मी दार लावून वाचायचो. बाहेरचा माणूस गाल धरून बसलेला असायचा आणि मी आत हसत असायचो. आता तुझं पत्र दोघांचं झालंय. मामी छान वाचते, पण एकट्याने वाचायची मजा गेली ती गेलीच. चालायचंच. (हे मी त्याने सांगितलं तसंच्या तसं लिहिलंय.)

दातवाला मामा


१२ मे

प्रिय मामी,

पाटी दारावर लागली. परवा जिन्यातले दिवे गेले होते तेव्हा मुद्दाम हाताने वाचून बघितली. आपलंच नाव, पण कुणीतरी गालावरून हात फिरवल्यासारखं वाटलं. मी बराच वेळ बाहेरच उभी होते, शेजारीण विचारत होती किल्ली हरवली का म्हणून.

सोबत मामासाठी एक पार्सल आहे. ओट्यावरच्या मशीनवर कोरलेली लाकडाची फळी. अक्षरं उठावाची, मोठी मोठी. दोन फळ्या वाया गेल्या, ही तिसरी. ते पत्र आहे. फार लांब नाही, लाकडावर जपूनच बोलावं लागतं.

हे वाचून दाखवायचं नाही. एवढंच मागते तुझ्याकडे.

ठिणगी


२६ मे

लाडके,

पार्सल आलं. दोरी त्यानेच सोडली. मी स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला घेतली.

बऱ्याच वेळाने डोकावले. फळी मांडीवर, आणि बोट पहिल्या ओळीवर. टाक्यांचं बोट नाही, त्याच्या शेजारचं. एक अक्षर लावायचा, थांबायचा, मागे जाऊन पुन्हा लावायचा. बालवाडीतली मुलं असतात ना, तसे ओठ हलत होते. चहा नेऊन ठेवला, तो गार झाला. एकदा अचानक मोठ्याने हसला. मी विचारलं, 'काय झालं हो?'

म्हणाला, 'तुला काय करायचंय? पत्र माझं आहे.'

किती दिवसांनी माझ्यावर असा खेकसला म्हणून सांगू! मी परत स्वयंपाकघरात गेले आणि पदराने डोळे पुसले.

फळी आता कपाटात त्याच्या सदऱ्यांखाली आहे, अक्षरं खालच्या बाजूला करून. रोज कपडे ठेवताना माझा हात तिला लागतो. उलटी करायचा अवकाश, मला सगळं दिसेल. केलेली नाही. करणारही नाही.

उत्तर तो कोरतोय. त्यातलंही मला काही सांगत नाही. आत्ता आतून टक ऐकू येतेय, मग थोडं थांबून पुन्हा टक. मी दार उघडंच ठेवलंय.

मामी